विद्यापीठ भोजनगृह प्रकल्प : कार्यनोंदी

३ जुलै

आज प्रकल्पाची पहिली बैठक झाली. कागदोपत्री आपले उद्दिष्ट ‘आरोग्यदायी आणि पर्यावरणपूरक आहाराला चालना’ असे आहे, आणि बैठकीचा निम्मा वेळ या दोन विशेषणांची फारकत करण्यात गेला. ती नेहमी जोडीने उच्चारली जात असल्यामुळे त्यांचा अर्थ एकच आहे असा समज होतो. साखर घातलेले पेय आणि तळलेला बटाटा यांच्यामुळे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन तुलनेने थोडे असते, पण म्हणून ते रोजच्या ताटात असावेत असे कोणीही म्हणणार नाही. त्यामुळे प्रत्येक बदल दोन्ही कसोट्यांवर स्वतंत्रपणे तपासायचा आणि एका कसोटीवर उतरला म्हणून दुसरीवरही उतरला असे गृहीत धरायचे नाही, असे ठरले.

दोन्ही कसोट्या जिथे एकत्र येतात ती जागा बरीच मोठी आहे, हेही खरे. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून जे सरासरी आकडे मांडले, त्यांत १०० ग्रॅम प्रथिनांमागे गोमांसाचे उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य सुमारे ५० किलो आहे, तर वाटाण्याचे ०.४ किलो. हे अंतर शंभरपटींहून अधिक आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात तयार होणारा मिथेन. त्याच तक्त्यात चीज सुमारे ११ किलोंवर आणि कोंबडी सहा किलोंच्या आतबाहेर आहे. ही ओळ मी बैठकीत मुद्दाम वाचून दाखवली, कारण मांस काढून त्या जागी चीजचा थर द्यायचा आणि पदार्थाला ‘हिरवा’ म्हणायचे, ही पळवाट भोजनगृहांत सहज शोधली जाते. आपल्या प्रकल्पात ती चालणार नाही.

६ जुलै

दुपारच्या जेवणाच्या वेळी वाढपाच्या रांगेजवळ दोन तास नुसता उभा राहिलो. कोणाला काही विचारले नाही, फक्त हात कुठे जातात ते पाहिले.

रांग सुरू होते तिथे भात आहे, मग मांसाचा पदार्थ, मग तळलेले काही, मग एक शाकाहारी पदार्थ, आणि सगळ्यांत शेवटी, पेयांच्या अलीकडे, भाजी आणि कोशिंबिरीची भांडी आहेत. विद्यार्थी तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्या ताटात जागा उरलेली नसते. हातात ताट, खांद्याला पिशवी, मागून येणाऱ्या माणसाची घाई, आणि पुढच्या मित्राने काय घेतले याकडे लक्ष, एवढ्या सगळ्यांत एखाद्या भांड्यापाशी ‘निवड’ करायला जो वेळ मिळतो तो दोन-तीन श्वासांहून अधिक नसतो. भिंतीवर समतोल आहाराचे मोठे रंगीत चित्र आहे आणि ते रांगेच्या पाठीमागे आहे, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसू शकत नाही. ते तिथे किती वर्षांपासून आहे हे कोणालाच सांगता आले नाही.

१० जुलै

आजपासून वजने घ्यायला सुरुवात केली. ‘वाया गेलेले अन्न’ हा एकच शब्द वापरला की कामाचा गोंधळ होतो, म्हणून तीन पिंपे ठेवली आहेत : एक स्वयंपाकघरातल्या साली, देठ आणि चिरताना गेलेल्या भागांसाठी, दुसरे शिजवले पण कोणाच्याच ताटात गेले नाही अशा उरलेल्या अन्नासाठी, आणि तिसरे ताटात येऊन टाकल्या गेलेल्या उष्ट्यासाठी. तिन्ही पिंपांतले अन्न शेवटी एकाच गाडीतून जाते, पण तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. पहिले पिंप सुरीच्या हाताशी संबंधित आहे, दुसरे अंदाजाशी आणि तिसरे चवीशी किंवा वाढणीच्या आकाराशी.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. उष्ट्याच्या पिंपात मुलांनी उरलेले पाणी, सरबत आणि सूप ओतले, आणि हाडे व फळांच्या सालीही त्यातच आल्या. जे खाण्याजोगे नव्हतेच ते टाकले म्हणून कोणाला दोष देता येत नाही, आणि पाण्याचे वजन तर कशाचेच मोजमाप नाही. आजचे आकडे रद्द केले. उद्यापासून द्रवासाठी एक बादली आणि हाडे-सालींसाठी एक टोपली वेगळी राहील, आणि ताटे परत देण्याच्या खिडकीशी आमच्यातले दोघे उभे राहतील.

दुसरी गोष्ट अशी की, येथील जेवणाचा तक्ता चार आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका आठवड्याची वजने दुसऱ्या आठवड्याशी ताडून पाहणे म्हणजे निरनिराळे पदार्थच एकमेकांशी ताडणे होईल. म्हणून तुलनेसाठी पायाभूत धरायची वजने पूर्ण चार आठवडे घ्यावी लागतील, आणि रोजचे वजन त्या दिवशी जेवलेल्यांच्या संख्येने भागावे लागेल. सहकाऱ्यांना हा उशीर जाचतो आहे. मलाही जाचतो, पण यात सवलत घेतली तर पुढची प्रत्येक नोंद निरर्थक ठरेल. तोवर स्वयंपाकघरातली तयारी आणि एखाद्या दिवशी एखाद्या पदार्थाची चाचणी चालू ठेवायला हरकत नाही; अशा दिवसांवर वहीत खूण राहील आणि ते पायाभूत हिशेबातून वगळले जातील.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न घरे, उपाहारगृहे-भोजनगृहे आणि दुकाने या टप्प्यांवर वाया गेले, आणि त्यांपैकी सुमारे २८ टक्के वाटा बाहेर जेवू घालणाऱ्या व्यवस्थांचा होता. आपण त्या २८ टक्क्यांतले आहोत.

१४ जुलै

मूळ प्रस्तावाची आज छाटणी केली. ताट लहान केले की माणूस कमी खातो, पदार्थाची जागा बदलली की भूक बदलते, अशा अर्थाची पाच-सहा विधाने त्यात होती आणि त्यांपैकी काहींचा माग कॉर्नेल विद्यापीठातील खाण्याच्या सवयींचे संशोधक ब्रायन वॉन्सिंक यांच्या कामापर्यंत जात होता. त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले आहेत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये एकट्या ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी सहा निबंध मागे घेतले आणि कॉर्नेल विद्यापीठाने संशोधनातील गैरवर्तनाचा निष्कर्ष जाहीर केला. ती सगळी विधाने काढली. त्यांतली एखादी गोष्ट खरी असूही शकेल, पण ती आपल्याला स्वतः मोजून पाहावी लागेल.

जे आधार उरले ते संख्येने कमी पण भक्कम आहेत. केंब्रिज विद्यापीठातील तीन उपाहारगृहांतल्या ९४ हजारांहून अधिक जेवणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. उपलब्ध पदार्थांतील शाकाहारी पदार्थांचे प्रमाण एक-चतुर्थांशावरून निम्म्यावर नेल्यावर त्यांची विक्री सुमारे ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, आणि एकूण विक्री घटली नाही. सर्वाधिक फरक पडला तो एरवी शाकाहारी पदार्थ क्वचितच घेणाऱ्यांमध्ये. त्याच विद्यापीठाच्या भोजनसेवेने २०१६ पासून गोमांस आणि मेंढीचे मांस देणे बंद केले होते, आणि त्यानंतर खरेदी केलेल्या प्रत्येक किलो अन्नामागचे उत्सर्जन सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले.

पहिल्या अभ्यासातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. चार भांड्यांपैकी एकाच भांड्यात शाकाहारी पदार्थ असेल, तर तो ‘शाकाहाऱ्यांसाठीचा’ ठरतो. चारांपैकी दोन भांड्यांत असेल, तर तो फक्त एक पदार्थ उरतो. आपण दुसरे भांडे वाढवण्यापासून सुरुवात करणार आहोत.

१९ जुलै

ही नोंद लांबणार आहे, कारण आज प्रकल्पाची दिशाच बदलली.

दुसऱ्या शाकाहारी पदार्थाची योजना घेऊन मुख्य आचाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “साहेब, भांडे वाढवायला माझी ना नाही. पण साडेबाराला केलेली भाजी दीड वाजता तुम्ही स्वतः खाऊन पाहा, मग बोलू.” त्यांनी मला दीड वाजेपर्यंत थांबवून घेतले आणि वाढपाच्या टेबलावरून एक वाटी भरून हातात दिली. रंग मळकट, देठांचा लगदा झालेला, आणि वासात कोबीचा उग्रपणा. ही भाजी शेवटच्या भांड्यात असल्यामुळे मुले घेत नाहीत, असे मी गेले दोन आठवडे लिहीत होतो. ती पहिल्या भांड्यात असती तरी मी घेतली नसती.

हे का होते हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे आणि त्यामागचे रसायन मला पुस्तकांतून. हिरव्या भाजीचा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. भाजी फार वेळ उष्णतेत राहिली की पेशींतली आम्ले मोकळी होतात, मॅग्नेशियमची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी रंग होतो. कोबी-फ्लॉवरच्या कुळातल्या भाज्या जास्त शिजल्या की त्यांतली गंधकयुक्त संयुगे सुटतात आणि तो उग्र वास येतो. जीवनसत्त्व ‘क’ उष्णतेने आणि पाण्यात विरघळून कमी होत जाते, ते निराळेच. दुसरीकडे सुरक्षिततेचा नियमही मोडता येत नाही : वाढायचे गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचे, आणि शिजलेले अन्न नेहमीच्या तापमानात दोन तासांहून अधिक पडू द्यायचे नाही. म्हणजे भाजी गरम ठेवावीच लागते आणि गरम ठेवली की ती बिघडत जाते. यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे थोडी थोडी करून वरचेवर शिजवणे.

मग असे का होत नाही, हे मी विचारले. उत्तर कामाच्या वेळापत्रकात होते. सगळी भाजी सकाळी नऊला एकदम चिरली जाते, अकराला एकदम मोठ्या पातेल्यांत चढते, आणि साडेबारापासून स्वयंपाकघरातले निम्मे लोक वाढपावर उभे राहतात. दुपारी एक वाजता नवा घाणा करायला शेगडीपाशी माणूसच नसतो. विद्यार्थ्याच्या ताटात हिरवी भाजी का पडत नाही, याचे उत्तर त्याच्या मनात शोधायला आम्ही प्रश्नावली तयार करत होतो. ते उत्तर भिंतीवर लावलेल्या पाळ्यांच्या तक्त्यात होते.

प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवली आहे. आचाऱ्यांनी सुचवले आहे की एक माणूस वाढपावरून कमी करून शेगडीपाशी ठेवावा, भाजी चार घाण्यांत करावी, आणि प्रत्येक घाणा अर्धा संपत आला की वाढपावरच्याने हाक द्यावी. एका माणसाच्या कमतरतेने रांग थोडी हळू सरकेल. ते चालेल, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले.

२४ जुलै

कडधान्यांचे प्रमाण वाढवायचे तर भिजवण्याची शिस्त लागते. आज कोठीप्रमुखांबरोबर हिशेब केला. वाळलेले कडधान्य भिजून शिजल्यावर वजनाने साधारण सव्वादोन ते अडीचपट होते, त्यामुळे कोठीत ते जागा कमी घेते, पण आदल्या रात्री भिजवायला मोठी भांडी आणि ती ठेवायला थंड जागा लागते. रात्रपाळीच्या माणसाच्या कामात हे लेखी घातले, कारण ‘कोणीतरी भिजत घालेल’ अशा कामांना घरातही वाली नसतो.

राजम्याबाबत वेगळी सूचना लावली. कच्च्या आणि अर्धकच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि थोडेसेच दाणे खाल्ले तरी तीव्र उलट्या-जुलाब होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्यायचे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळू द्यायचा. दहा मिनिटांची उकळी हे किमान मानले जाते, आम्ही तीस मिनिटे लिहिली आहेत. मंद आचेवर तासन्तास ठेवण्याने हे काम होत नाही, उलट ८० अंशांच्या आसपास नुसता तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अपायकारक ठरू शकतो. एका सहकाऱ्याला ही सूचना घाबरवणारी वाटली. तीनशे माणसांच्या पातेल्यावर ती लावलेलीच असली पाहिजे.

१ ऑगस्ट

नावांची चाचणी सुरू केली. गाजराचा एकच पदार्थ, एकच कृती. एका दिवशी फळ्यावर त्याचे नाव ‘कमी तेलातील पौष्टिक गाजर’ असे आणि दुसऱ्या दिवशी ‘तिळात परतलेले खरपूस गाजर’ असे लिहिले.

यामागचा आधार स्टॅनफर्डमधील संशोधकांच्या कामाचा आहे. २०१७ साली त्यांनी एका विद्यापीठाच्या उपाहारगृहात भाज्यांची नावे बदलून पाहिली. चविष्टपणा सांगणारे नाव असलेल्या दिवशी भाजी घेणाऱ्यांची संख्या साध्या नावापेक्षा २५ टक्क्यांनी, आणि ‘हे नाही, ते कमी’ अशा पथ्याच्या नावापेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होती. पुढे पाच विद्यापीठांच्या भोजनगृहांत तोच प्रयोग झाला आणि आरोग्याचा उल्लेख करणाऱ्या नावांच्या तुलनेत चव सांगणारी नावे २९ टक्के सरस ठरली. मात्र त्यात एक अट दिसून आली, तिचा उल्लेख सहसा होत नाही : पदार्थ खरोखर चांगला असेल तिथेच नावाचा उपयोग झाला.

म्हणूनच घाण्यांची पद्धत बसल्याखेरीज मी ही चाचणी घेऊ दिली नाही. खरपूस म्हणून लिहायचे आणि लिबलिबीत वाढायचे, हे एकदाच खपते. त्यानंतर मुले फळा वाचणेच सोडून देतात.

५ ऑगस्ट

पदार्थांपुढे उष्मांक लिहावेत ही सूचना विद्यार्थी समितीकडून आली होती. ती मी नाकारली. या वयोगटात खाण्याचे विकार अधिक आढळतात, आणि ज्याला आकडेच पाहवत नाहीत त्याला रोज तीन वेळा त्या आकड्यांसमोरून जायला लावणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना माहिती हवी आहे त्यांना ती मागितल्यावर मिळेल. घटक आणि अॅलर्जीची माहिती मात्र प्रत्येक भांड्यापुढे, मोठ्या अक्षरांत, रोज असेल.

११ ऑगस्ट

पायाभूत वजने पूर्ण झाली. आजपासून रांगेचा क्रम उलटा आहे : आधी भाजी, मग दोन शाकाहारी पदार्थ, मग भात, आणि शेवटी मांस व तळलेले पदार्थ. काहीही बंद केलेले नाही.

संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबरची बैठक अपेक्षेहून तापली. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांचा मुद्दा प्रथिनांचा होता. कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि धान्यांत लायसिन, त्यामुळे दिवसभरात दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, त्यासाठी ती एकाच घासात असावी लागत नाहीत, हे त्यांना पटले. प्राण्यांपासून मिळणारे सर्वच अन्न सोडणाऱ्यांनी जीवनसत्त्व ब-१२ पूरक गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यायलाच हवे, हेही मी स्पष्ट सांगितले. आपल्या बाजूची अडचण आपणच सांगितलेली बरी.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता आणि तो मागच्या रांगेतल्या एका मुलीने मांडला. तिने विचारले, मांस कमी खपले तर खर्च वाचणार, मग हे पृथ्वीसाठी आहे की काटकसरीसाठी? माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. बैठकीनंतर व्यवस्थापनाशी बोललो. खरेदीत होणारी बचत भाजीच्या प्रतीवर, फळांवर आणि शेगडीपाशी ठेवलेल्या माणसावरच खर्च होईल, आणि तो हिशेब दर महिन्याला सूचनाफलकावर लागेल, असे त्यांनी मान्य केले. ही अट मुळात प्रस्तावातच असायला हवी होती.

१८ ऑगस्ट

मोठे ट्रे काढून टाकले. ट्रे असला की दोन-तीन ताटल्या एकदम भरून नेल्या जातात. नसला की एक ताट न्यायचे आणि हवे तर परत यायचे. इतर विद्यापीठांतही हा उपाय उष्टे आणि धुण्याचे पाणी दोन्ही कमी करणारा ठरला आहे. पण कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका विद्यार्थ्याला आज दोन फेऱ्या माराव्या लागल्या, हे मी स्वतः पाहिले. दाराशी ट्रेंची एक चळत पुन्हा ठेवली आहे. कारण विचारायचे नाही, ज्याला हवा त्याने घ्यावा.

२५ ऑगस्ट

समितीला ‘जवळच्या शेतातून’ अशी पाटी लावायची आहे. पाटीला माझा विरोध नाही, तिच्याखाली लिहिलेल्या वाक्याला आहे, कारण त्यात अंतर कमी झाल्याने उत्सर्जनात मोठी घट होते असे म्हटले होते. पूअर-नेमेचेक यांच्या हिशेबात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के आहे. २०२२ च्या एका अभ्यासाने तो १९ टक्क्यांच्या आसपास मांडला, पण त्यात शेताला लागणारी खते, यंत्रे आणि इंधन यांची वाहतूकही धरली आहे. कोणताही आकडा घेतला तरी ताटात काय आहे हे बहुतेक वेळा ते कुठून आले याहून जास्त महत्त्वाचे ठरते. विमानाने येणारी नाशवंत फळे-भाज्या हा अपवाद. ताजेपणा आणि शेतकऱ्याशी थेट संबंध ही जवळून खरेदी करण्याची चांगली कारणे आहेत. पाटीवर तीच लिहिली.

२ सप्टेंबर

आकड्यांनी आज जमिनीवर आणले. रांगेचा क्रम बदलल्यापासून भाजी आणि शाकाहारी पदार्थ जास्त घेतले जात आहेत, दुसऱ्या पिंपातले उरलेले कमी झाले आहे, आणि या दोन ओळी वाचून सगळे खूष होते. तिसऱ्या पिंपाची वही मी उशिरा उघडली. उष्टे वाढले आहे.

दोन दिवस ताटे परत देण्याच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कारण उमगले. रांगेच्या आरंभी ताट रिकामे असते, भूक मोठी वाटते, आणि अनोळखी पदार्थाचाही मोठा डाव घेतला जातो. दोन घासांनंतर तो आवडला नाही तर तसाच राहतो. म्हणजे आम्ही जे मोजून आनंद मानत होतो ते ‘घेणे’ होते, ‘खाणे’ नव्हे, आणि फेकलेल्या भाजीने ना कोणाचे आरोग्य सुधारते ना पृथ्वीचा भार हलका होतो. वाचलेल्या बहुतेक अभ्यासांतही विक्री किंवा निवड मोजलेली आहे, हे मला आधी खटकायला हवे होते.

दोन बदल केले. नव्या पदार्थापुढे चव घेण्यासाठी लहान वाट्या ठेवल्या, आणि पहिल्या दोन भांड्यांतले डाव बदलून लहान डाव ठेवले. पुन्हा घ्यायला कोणालाही मनाई नाही, आणि तसे वाढपावरच्यांनी तोंडाने सांगायचे आहे.

९ सप्टेंबर

स्वयंपाकघराची बैठक. उष्टे उतरू लागले आहे, पण आजचा विषय वेगळा होता. भाजीचे प्रमाण वाढल्याने चिरण्याचे काम जवळजवळ दुप्पट झाले आहे. मांस बहुधा तुकडे करूनच येते. पालक, गाजर, भोपळा तसे येत नाहीत. गेल्या आठवड्यात दोघांची बोटे कापली, आणि दोन्ही वेळा घाई हेच कारण होते. आमच्या एकाही तक्त्यात हा रकाना नव्हता.

सोललेली-चिरलेली भाजी विकत घेण्याचा पर्याय चर्चेत आला, पण ती लवकर खराब होते आणि प्लास्टिकच्या पिशव्या वाढतात. शेवटी चिरण्याचे यंत्र घ्यायचे, ते येईपर्यंत सकाळच्या पाळीला एक माणूस वाढवायचा, आणि कंदभाज्यांची साल जिथे खाण्याजोगी आहे तिथे ती काढायचीच नाही, असे ठरले. शेवटची सूचना भांडी घासणाऱ्या बाईंची होती. पहिले पिंप रोज त्याच उचलतात.

१६ सप्टेंबर

मिठाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवत आहोत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून थोडी अधिक. एकदम कमी केले तर मुले टेबलावरची मिठाची भांडी उचलतात, म्हणून दर पंधरवड्याला थोडेसेच कमी, आणि कुठेही जाहीर करायचे नाही. आतापर्यंत एकही तक्रार नाही. दोन आचाऱ्यांच्या हाताचे मीठ वेगळे पडते, ही खरी अडचण होती. आता मीठ चिमटीने नव्हे, काट्यावर तोलून घातले जाते. जुन्या हातांना हे अजून रुचलेले नाही.

२३ सप्टेंबर

आजपासून वजनांची वही आमच्याकडून स्वयंपाकघराकडे गेली. सत्राचा अभ्यासगट परीक्षांमुळे पांगला आहे, आणि खिडकीशी उभे राहायला आता आमच्यातले कोणी नसेल.

वही नेऊन दिली तेव्हा मुख्य आचाऱ्यांनी त्यात पट्टीने एक रकाना आखून दाखवला : ‘किती वाजता संपले’. गेले तीन आठवडे ते हा हिशेब स्वतःच्या छोट्या वहीत ठेवत होते. किती किलो उरले यावरून त्यांना काल काय चुकले ते कळते. पण पालकाचा तिसरा घाणा पावणेदोनला संपला हे कळले, की उद्या चौथा कधी चढवायचा ते ठरवता येते. त्यांच्या वहीनुसार मसुराचा पदार्थ बुधवारी नेहमी लवकर संपतो आणि शुक्रवारी उरतो. याचे कारण आम्हा कोणालाच ठाऊक नाही, पण शुक्रवारचा घाणा त्यांनी आधीच लहान केला आहे.

पुढच्या महिन्याच्या छापील तक्त्यात हा रकाना घेतला. जागा करण्यासाठी ‘शेरा’ हा रकाना काढावा लागला, त्यात कोणी कधी काही लिहिले नव्हते.